रेपोचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून नेऊ नका

धागालेखक:
परवा विंडोजवरचा रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर, आतल्या '.गिट'सकट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आपला इतिहास तिथे साठवतं), पेनड्राइव्हवरून लिनक्सच्या मशिनवर उतरवलं. एका अक्षराला हात लावला नव्हता, तरी 'गिट स्टेटस'मध्ये सगळ्या फाइली मॉडिफाइड! 'गिट डिफ'मध्ये ओळ न् ओळ लाल आणि खाली तीच ओळ हिरवी. विंडोजवर 'ऑटोसीआरएलएफ' (ओळींच्या शेवटची खूण आपोआप बदलणारं सेटिंग) चालू होतं, म्हणून ओळींच्या शेवटी सीआरएलएफ होतं (ही विंडोजची खूण, सीआर आणि एलएफ अशी दोन अक्षरं; लिनक्सवर नुसतं एलएफ). ते सेटिंग त्या मशिनचं. फोल्डरबरोबर आलंच नाही. आमच्या टीममध्ये पूर्वी एकानं अशा अवस्थेत घाईनं कमिट केलं होतं, म्हणजे ते बदल इतिहासात नोंदवले होते. तेव्हापासून त्या फाइलींच्या 'गिट ब्लेम'मध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव दिसतं. माझं ठाम मत: पुश करा (काम सर्व्हरवर पाठवा), नव्या मशिनवर क्लोन करा (तिथून नवी प्रत घ्या).

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. क्लोनमध्ये स्टॅश (तात्पुरतं बाजूला ठेवलेलं काम) येत नाही, हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टा) येत नाहीत, रीफ्लॉग (ब्रँच आधी कुठे होत्या त्याची स्थानिक नोंद) येत नाही, पुश न केलेल्या ब्रँचही (कामाच्या वेगळ्या शाखा) नाहीत. माझा जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा दोन आठवड्यांचं काम कॉपीमुळेच वाचलं.
घाबरण्याआधी निदान करा. 'गिट डिफ --समरी'मध्ये 'मोड चेंज १००६४४ => १००७५५' दिसलं तर मजकूर बदललेला नसून फक्त फाइल चालवण्याच्या परवानगीचा बिट बदललाय. एक्सफॅटवर (पेनड्राइव्हवर बहुधा असते ती फाइल सिस्टिम) तो बिट साठवलाच जात नाही. त्या रेपोपुरतं 'कोअर.फाइलमोड' (तो बिट पाहायचा की नाही ते ठरवणारं सेटिंग) फॉल्स करा. '--इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल' लावून डिफ रिकामा आला तर भानगड फक्त ओळींच्या शेवटाची. 'ऑटोसीआरएलएफ' 'इनपुट' ठेवा (नोंदवतानाच फक्त सीआर काढलं जातं), स्टेटस शांत होतं.

धागालेखक:
स्टेटस शांत होतं, फाइल सुधारत नाही! माझी शेल स्क्रिप्ट त्यानंतरही चालेना, कारण पहिल्या ओळीच्या शेवटी सीआर तसाच होता आणि त्या नावाचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नव्हता. खरा उपाय रेपोतल्या '.गिटॲट्रिब्यूट्स' या नियमांच्या फाइलीत आहे: '* टेक्स्ट=ऑटो', आणि स्क्रिप्टांना 'ईओएल=एलएफ'. तो नियम रेपोबरोबर सगळीकडे जातो. आणि स्टॅश मोलाचा असेल तर त्याची ब्रँच करून पुश करा ना.

प्रतिसाद २:
नेट नसेल तर पुश कुठे करणार? 'गिट बंडल क्रिएट काम.बंडल --ऑल' म्हणा. कमिट केलेला इतिहास आणि सगळ्या ब्रँच एका फाइलीत येतात, तीच पेनड्राइव्हवर न्या आणि तिच्यावरूनच क्लोन करा.
आणखी एक. कॉपी केलेल्या फोल्डरचा मालक वेगळा निघाला तर 'ड्युबिअस ओनरशिप' (संशयास्पद मालकी) म्हणून गिट अडून बसतं. हे एप्रिल २०२२ च्या २.३५.२ आवृत्तीपासून आहे. लोक वैतागून 'सेफ.डिरेक्टरी'ला (विश्वासातल्या फोल्डरांची यादी) '*', म्हणजे सगळी फोल्डरं, देतात. कृपा करून तसं करू नका. दुसऱ्याच्या '.गिट'मधल्या कॉन्फिगमधून तुमच्या मशिनवर कमांड चालवता येते, म्हणून ती अडवणूक आहे. त्या एकाच फोल्डरचा पाथ द्या.

प्रतिसाद १:
बंडल मान्य. पण हुक आणि रीफ्लॉग त्यातही नसतात, आणि कमिट न केलेलं तर नाहीच. त्यामुळे मी फोल्डर कॉपी करणारच, उतरवल्यावर 'गिट एफएससीके' (साठवलेला इतिहास शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवणार आणि ते नीट पार पडेपर्यंत जुन्या मशिनवरून काही पुसणार नाही.