स्वयंपाकघरात रोज वापरायच्या क्रोशाच्या वस्तू : धागा कोणता घ्यावा, टाका कोणता घालावा?

जुईची_वेल (नाशिक) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेल्या पावसाळ्यात मी क्रोशाचे विणकाम शिकले. बाळाची टोपी, दोन मफलर आणि दाराचे एक तोरण एवढे विणून झाल्यावर आता स्वयंपाकघरात रोज हाताळल्या जातील अशा वस्तू विणाव्यात, असे मनात आहे. शोभेचे रुमाल विणून कपाटात ठेवण्यात मला रस नाही. गरम भांडे उतरवायचे जाडसर मसोते, कढईखाली ठेवायचे काहीतरी, दुधाच्या पातेल्यावर घालायची जाळी आणि ओटा पुसायची फडकी एवढ्या वस्तू सध्या डोळ्यांसमोर आहेत.

आतापर्यंत दोन प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. पहिले गोल मसोते मफलरच्या उरलेल्या लोकरीचे विणले होते. पोळ्या झाल्यावर तवा उतरवून त्यावर ठेवला, तेव्हा लोकर तव्याच्या बुडाला चिकटली आणि मसोत्याचा मधला भाग कडक, चकचकीत होऊन बसला. दुसऱ्या वेळी दुकानातून सुती धागा आणला आणि इंटरनेटवर मिळालेल्या एका ब्रिटिश नमुन्याप्रमाणे विणायला घेतले. नमुन्यात सुरुवातीला ६ ‘डबल क्रोशे’ घालून प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायला सांगितले होते. मी मोजून तसेच केले. तरीही चौथ्या-पाचव्या फेरीपासून कडा वर उचलल्या जाऊन त्याचा द्रोण झाला. शिवाय वीण इतकी विरळ आली की, भांडे धरल्यावर बोटांना चटका बसतो. धागा चुकला, सुई चुकली की माझा हातच सैल आहे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

सुताची_गुंडी (पुणे) यांचे उत्तर

जुईताई, पहिल्या मसोत्याबाबत दोष तुमच्या हाताचा नाही. आपल्याकडे बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. मेंढीच्या लोकरीशी त्यांचा नावापुरताच संबंध आहे. अॅक्रिलिक हे एक प्रकारचे प्लास्टिकच असल्याने उकळत्या पाण्याच्या वाफेनेही ते मऊ पडून आकार सोडते, आणि पोळ्यांचा तापलेला तवा तर २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. अशा वेळी वितळलेला धागा हाताच्या कातडीला चिकटला, तर साध्या चटक्यापेक्षा मोठी इजा होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, आचेजवळ जाणाऱ्या कोणत्याही वस्तूत, अगदी कडेच्या शोभेच्या फेरीतसुद्धा, हा धागा वापरू नका. सूत वितळत नाही. फार तापले तर ते करपते, आणि करपल्याचा वास आपल्याला वेळीच सावध करतो.

गुंड्यावरचा कागद हरवला असेल, तर धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकजवळ जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे राहिलेली राख बोटाने चुरगळते. अॅक्रिलिक आकसत, वितळत जळते आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी तयार होतो. मिश्र धाग्यातही थोडा तरी कडकपणा हाताला लागतो, आणि तो लागला की तो धागा मसोत्यासाठी बाद समजावा. खरे लोकरीचे सूत मिळाले, तर तेही उष्णता छान अडवते, पण ते महाग पडते आणि आपल्या रोजच्या धुण्यात टिकत नाही, त्यामुळे मी सुतालाच पसंती देते.

सुतातही निवड करावी लागते. चकचकीत, रेशमासारखा दिसणारा मर्सराइज्ड धागा कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेतून गेलेला असतो. तो मजबूत असतो, रंग धरून ठेवतो, कमी आटतो. जाळीसाठी आणि झालरीसाठी तो उत्तम. ओटा पुसायच्या फडक्याला मात्र चमक नसलेले, मऊ, सैल पिळाचे सूत घ्यावे, कारण ते पाणी पटकन ओढून घेते. मसोत्यासाठी मी आठ पदरी सूत आणि साडेतीन मिलिमीटरची सुई वापरते. गुंड्यावर चार मिलिमीटरची सुई सुचवलेली असली, तरी मी मुद्दाम अर्ध्या मिलिमीटरने खाली उतरते, म्हणजे वीण घट्ट येते.

एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. ओल्या मसोत्याने गरम भांडे कधीही धरू नये. कोरड्या विणीत अडकलेली हवा उष्णता अडवते, परंतु वीण ओली असली की त्या हवेची जागा पाणी घेते आणि चटका क्षणात आतपर्यंत पोहोचतो. म्हणूनच पुसायचे फडके वेगळे आणि धरायचे मसोते वेगळे ठेवावे. माझ्या घरी दोन्हींचे रंगच वेगळे आहेत, त्यामुळे घाईतही चूक होत नाही.

परदेशी_सुई (लेस्टर, इंग्लंड) यांचे उत्तर

दुसऱ्या मसोत्याचा द्रोण का झाला, याचे उत्तर तुमच्या प्रश्नातच दडलेले आहे. तुम्ही ‘ब्रिटिश नमुना’ असे लिहिले आहे. ब्रिटिश पुस्तकांत ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच अमेरिकी पुस्तकांत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. म्हणजे आपला मुका खांब, ज्यात सुईवर आधी वेढा न घेता टाका ओढून काढतात. अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे मात्र एक वेढा घेऊन घातलेला आपला नेहमीचा खांब. आपल्याकडे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या बहुतेकांच्या कानावर अमेरिकी नावे बसलेली असतात. तुम्ही ब्रिटिश नमुना वाचून अमेरिकी पद्धतीचे खांब घातले असावेत, असा माझा अंदाज आहे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मीही याच कारणाने अख्खा टेबलरुमाल उसवला होता, म्हणून हे इतक्या खात्रीने लिहीत आहे.

या एकाच चुकीतून तुमच्या दोन्ही तक्रारी निघतात. खांब उंच असल्याने दोन खांबांमध्ये फट राहते आणि तिथून चटका बसतो. द्रोणाचे कारण मोजमापाचे आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सव्वासहा पटींच्या आसपास परीघ वाढतो. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असल्याने एका फेरीमागे ६ टाके वाढवले की हिशेब जुळतो : ६, १२, १८, २४ असे. खांब साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्याला सुरुवातीला १२ टाके आणि पुढे प्रत्येक फेरीत १२ची वाढ लागते. तुम्ही खांब घालून फक्त ६ टाके वाढवत गेलात, त्यामुळे परीघ कमी पडला आणि कड वर ओढली गेली. याउलट टाके जास्त झाले असते, तर कडेला झालर पडली असती. वाढवायचे टाके प्रत्येक फेरीत एकाच रेषेवर आले, तर गोलाचा षट्कोन होतो, तेवढ्यासाठी एका फेरीआड वाढ दोन-तीन टाके पुढे सरकवावी.

तुमचा हात सैल नाही. तोच धागा घ्या, तोच नमुना घ्या आणि मुके खांब घालून पाहा.

काजूची_बी (सावंतवाडी) यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही मसोते गोल विणण्याऐवजी चौकोनी आणि दुपदरी विणावे, असे सुचवते. एकपदरी वीण कितीही घट्ट असली, तरी लोखंडी कढईपुढे ती अपुरी पडते. दोन वेगळे चौकोन विणून जोडायचीही गरज नाही, कारण एकाच तुकड्यातून दुपदरी चौकोन तयार होतो आणि त्यात टाके वाढवायचे किंवा घटवायचे काम मुळीच नसते.

साधारण २५ सेंटीमीटर लांबीची साखळी घाला. माझ्या हाताला त्यासाठी ४० ते ४५ टाके लागतात. साखळीच्या एका बाजूने मुके खांब घालत टोकापर्यंत जा आणि टोकाला वळून साखळीच्या दुसऱ्या बाजूने तसेच परत या. त्यानंतर फेरी कुठेही न संपवता, न वाढवता, गोल गोल विणत राहा. कडा हळूहळू वर येऊन एक पसरट पिशवी तयार होऊ लागते. पहिल्यांदा विणणाऱ्याला इथे हमखास वाटते की काहीतरी बिघडले. तसे वाटले तरी थांबू नये. पिशवीची उंची साखळीच्या निम्मी, म्हणजे साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास झाली की पिशवीचे तोंड आडवे उघडून दोन्ही बाजूंची टोके एकमेकांकडे आणा. तोंडाच्या कडा कर्णरेषेवर तंतोतंत मिळतात आणि सुमारे १८ सेंटीमीटरचा दुपदरी चौकोन हाती येतो. ती कर्णरेषा शिवून टाकली की मसोते तयार. कोपऱ्यावर अडकवण्यासाठी फास ठेवायचा असेल, तर तो लहानच ठेवा आणि मसोते शेगडीपासून लांबच्या खुंटीला टांगा, कारण लोंबणारा फास ज्योतीकडे जायला वेळ लागत नाही.

कढईखाली ठेवायला मात्र मी चौकोन वापरत नाही, चुंबळ विणते. गोल बुडाची कढई किंवा जुने तांब्याचे भांडे सपाट मसोत्यावर डुगडुगते, चुंबळीत ते स्थिर बसते. माझी आजी विहिरीवरून पाणी आणताना डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ घेत असे आणि घरी आल्यावर तीच चुंबळ हंड्याखाली ठेवत असे. मी तिचीच पद्धत धरली आहे. जुन्या सुती साडीच्या चार बोटे रुंद पट्ट्या फाडून त्यांना पीळ द्यायचा, अंगठ्यापेक्षा थोडी जाड अशी गोल कडी करून तिची टोके पक्की शिवायची आणि मग त्या कडीभोवती मुके खांब दाटीने घालत जायचे. प्रत्येक टाका कडीला वळसा घालून वर आणावा लागतो, त्यामुळे धागा बराच लागतो आणि मनगटही दुखते. म्हणून एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नये. कडीचे आतले तोंड असे ठेवावे की कढईचे बूड ओट्याला टेकणार नाही. साडी निखळ सुती आहे ना, हे धागा जाळून आधी पाहावे. पॉलिस्टरचा अंश असलेली साडी आत गेली, तर बाहेरचे सूत कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

जुईची_वेल यांचा प्रतिसाद

परदेशी_सुई, तुमचा अंदाज अगदी खरा निघाला. जुने मसोते उसवून त्याच धाग्याचे मुके खांब घालून पाहिले, तर बारा फेऱ्या होऊनही गोल ताटलीसारखा सपाट राहिला. कर्णरेषेवर मिटणारा चौकोनही विणला. पिशवी तयार होत असताना दोनदा उसवण्याचा मोह झाला, पण काजूची_बी यांचे वाक्य आठवून तशीच विणत राहिले आणि शेवटी ती मिटली तेव्हा घरातल्या सर्वांना बोलावून दाखवली. सासूबाईंनी काल आमटीचे पातेले त्यानेच उतरवले.

आता दोन शंका उरल्या आहेत. पांढऱ्या सुताच्या फडक्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावताच तो लालभडक झाला. हे फडके वाया गेले का? आणि दुधाच्या पातेल्यावरच्या जाळीला मणी केव्हा लावायचे, विणताना की नंतर?

सुताची_गुंडी यांचे उत्तर

फडके वाया गेलेले नाही. हळदीतला रंग क्षारयुक्त साबणाच्या संपर्काने लाल होतो, हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा रंग येतो तसेच. फडके स्वच्छ पाण्यात खळखळून घ्या, म्हणजे लाली जाऊन पिवळा डाग मागे राहील, आणि तो डाग कडक उन्हात एक-दोन दिवसांत फिका पडत जाईल, कारण हळदीचा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. तेलकट वास राहिला, तर गरम पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून फडके अर्धा तास भिजवावे. सुताची वस्तू ओली असताना टांगली, तर पाण्याच्या वजनाने लांबते. ती सपाट पसरूनच वाळवावी. पहिल्या धुण्यात सूत थोडे आटतेही. माप महत्त्वाचे असेल, तिथे १० सेंटीमीटरचा नमुन्याचा तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून मोजावा.

जाळीचे मणी विणायला सुरुवात करण्यापूर्वीच सगळे धाग्यात ओवून घ्यावे लागतात आणि शेवटच्या फेरीत एकेक मणी पुढे सरकवून साखळीत अडकवायचा असतो. नंतर शिवलेले मणी दोन-चार धुण्यांत सुटू लागतात आणि सुटलेला मणी दुधात पडण्याचा धोका असतो. जाळीसाठी बारीक मर्सराइज्ड धागा आणि सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई घ्या. मधला भाग तुमच्या ओळखीच्या खांबांचा विणा, इथे तुम्हाला फट हवीच आहे, कारण गरम दुधाची वाफ वर जायला वाट लागते. मणी काचेचे घ्या. प्लास्टिकचे मणी गरम पातेल्याच्या काठाशी वाकडे होतात, आणि ते हलके असल्याने पंख्याच्या वाऱ्याने जाळी उडते. पातेल्याचा व्यास मोजून जाळी त्याहून सर्व बाजूंनी चार बोटे मोठी ठेवा, म्हणजे मणी काठाबाहेर लोंबून तिला ताणून धरतील. मुंग्यांना ही जाळी अडवू शकत नाही, त्यासाठी पातेले पाण्याच्या परातीतच ठेवावे लागेल.