मुलींना १०० टक्के फी माफी, तरी कॉलेज म्हणतं आधी भरा. काय करावं?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

तिला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. आम्ही ओबीसी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल सगळं तयार आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मंच होतं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, पण आमची सीट कॅपचीच आहे.

काल कॉलेजात गेलो. खिडकीतल्या मॅडमनी जीआरची झेरॉक्स न वाचताच परत सरकवली. "असे रोज दहा कागद येतात. तुम्ही आता भरा, महाडीबीटीचे आले की परत देऊ." (महाडीबीटी म्हणजे सरकारचं शिष्यवृत्ती-फीमाफीचं पोर्टल.) हातात चलन दिलं: शिक्षण शुल्क १ लाख १२ हजार, विकास शुल्क १४ हजार. विकास शुल्क माफीत येत नाही हे मान्य, ते भरतोच. पण लाख रुपये आणायचे कुठून? सोयाबीन अजून शेतात उभं आहे. वडील म्हणतात सोनं गहाण ठेवू. मी थांबवून ठेवलंय.

प्रवेशाच्या वेळी मुलींकडून फी मागू नका, असं मंत्री चंद्रकांत पाटलांनी कॉलेजांना बजावल्याचं वाचलं होतं. ते मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यांच्याकडेच जा."

परवा पाचला रिपोर्टिंग (कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करणं) बंद होतंय. कुणी फक्त हमीपत्र देऊन प्रवेश घेतलाय का? त्यात नेमकं काय लिहिलं होतं? फी मागितल्याचं कॉलेजकडून लेखी मागावं, की त्याने उगाच वाकडं येईल? तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जाऊन दोन दिवसांत काही हलतं का, की ईमेलच बरा?

आणखी एक. बहिणीचं खातं जिल्हा बँकेत आहे, आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठी खात्याला आधार जोडणं) इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय. महाडीबीटीचा फॉर्म भरायच्या आधी पोस्टात नवं खातं काढलं तर लवकर होईल का?

कॉलेजचं नाव विचारू नका, प्रवेश अजून व्हायचाय.