मदत हवी आहे: ऑटोफॅजीचे ठिपके वाढले, पण अर्थ काय लावायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एम.एस्सी. करतेय. प्रकल्प ऑटोफॅजीवर आहे, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग पिशवीत बांधून लायसोसोमकडे (पेशीतली पचनाची, आतून आम्ल असलेली पिशवी) पचवायला पाठवते ती प्रक्रिया. योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं ते यावरच्याच कामासाठी.

हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) जीएफपी-एलसी३ घातलंय, म्हणजे ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणाऱ्या एलसी३ प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलंय. पेशी उपाशी ठेवल्या की फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके स्पष्ट वाढतात. दिसायला फार सुंदर! पण पिशव्या जास्त तयार होतायत, की पुढचं पचनच अडलंय? दोन्हींत चित्र सारखंच. बॅफिलोमायसिन (लायसोसोममधलं पचन अडवणारं रसायन) देऊन आणि न देता तुलना करायची हे वाचलंय, पण ते महाग पडतं. पचन अडवणाऱ्याच क्लोरोक्विनवर भागेल का? हेलासाठी मात्रा किती आणि किती तास ठेवायचं?

दुसरा मार्ग एमचेरी-जीएफपी-एलसी३ चा, म्हणजे एलसी३ ला लाल (एमचेरी) आणि हिरवा (जीएफपी) असे दोन्ही रंग जोडायचे. लायसोसोमच्या आम्लात हिरवा विझतो, लाल टिकतो. म्हणजे पिवळा ठिपका अजून वाटेत, नुसता लाल पोचलेला. मला हाच जास्त पटतो. हे प्लाझ्मिड (हे प्रथिन पेशीत बनवून घेण्यासाठी घालायचा डीएनए) कुणी वापरलंय का? पेशी फिक्स करून (रसायनाने आहे त्या स्थितीत गोठवून) उदासीन माध्यमात ठेवल्यावर विझलेला हिरवा पुन्हा उजळू शकतो म्हणे. मग जिवंत पेशींचेच फोटो घ्यावेत का?

कोल्हापूर किंवा पुण्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना कॉन्फोकल मायक्रोस्कोप तासाच्या दराने कुठे मिळतं, तेही कळवा. मार्चअखेर सबमिशन आहे.