तीन गुणांची आघाडी आणि शेवटचे दहा सेकंद: फाउल करावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका कॉलेजच्या मुलांना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली आहे आणि एका मुद्द्यावर संघात दोन तट पडलेत. आपण तीनने पुढे, दहाएक सेकंद बाकी, चेंडू त्यांच्याकडे. मुद्दाम फाउल करून त्यांना दोनच फ्री थ्रो (प्रत्येकी एक गुण) द्यायचे, की हात वर ठेवून बरोबरी करणारा थ्री पॉइंटर अडवायचा?

मुलांना २००८ चा एनसीएए (अमेरिकन कॉलेज स्पर्धा) अंतिम सामना दाखवला, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. मेम्फिस दोन मिनिटं बारा सेकंद बाकी असताना नऊ गुणांनी पुढे होतं. मग कॅन्सस अंगावरच आलं. कॅन्ससच्या शेरॉन कॉलिन्सने थ्रो-इनचा (रेषेबाहेरून आत टाकलेला) चेंडू पळवून थ्री पॉइंटर मारला. कॅन्ससचं फाउल करून घड्याळ थांबवणं चालूच होतं, आणि मेम्फिसचे शेवटच्या पाचातले चार फ्री थ्रो हुकले. १०.८ सेकंद उरले तेव्हा ६३-६०. कॉलिन्स धडपडत चेंडू घेऊन आला, सहकारी मारिओ चाल्मर्सकडे सरकवला, २.१ सेकंद असताना त्याच्या थ्री पॉइंटरने बरोबरी! जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ जिंकलं. कॉलिन्सला फाउल करायचं ठरलं होतं, असं मेम्फिसचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी नंतर म्हणाले. मेम्फिसचा डेरिक रोझ त्याला भिडलाही, पण शिट्टी वाजली नाही.

माझी अडचण इथेच आहे. हळू धरलं तर रेफरी सोडून देतो, जोरात धरलं तर अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) फाउल, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. सरावात हे नेमकं कसं बसवायचं?

प्रतिसाद:

सर, फाउल कराच, पण पाच-सहा सेकंद उरल्यावर. आधी केलात तर ते उलट तुम्हाला फाउल करणार आणि सामना तुमच्या फ्री थ्रोवर येणार. चेंडू आणणारा गार्ड ड्रिबल करत असताना किंवा बास्केटकडे पाठ असतानाच धरा. त्याने दोन्ही हातांत चेंडू घेऊन बास्केटकडे तोंड केलं की हात मागे, नाहीतर तीन फ्री थ्रो जातील. हात चेंडूवरच घाला, कंबरेला किंवा जर्सीला नको. टीम फाउलही (संघाचे एकूण फाउल) मोजत राहा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमात क्वार्टरमधल्या पहिल्या चार साध्या फाउलना फ्री थ्रो नसतो, नुसता थ्रो-इन. एखादा शिल्लक असेल तर तो आधी खर्च करा, सेकंदही जातात.

आणि दुसरा फ्री थ्रो ते मुद्दाम चुकवतील, परत आलेला चेंडू पकडून पुन्हा मारायला. लेनवर, म्हणजे बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या कडेला, तुमचे तिघे, त्यांचे दोघे. फ्री थ्रो मारणाऱ्याला अडवायला एक जण आधीच ठरवून ठेवा, कारण मारणाराच बहुतेक वेळा मोकळा सुटतो.