मदत हवी आहे: उल्हास खोऱ्यात तीन दिवस सायकलने, सोबत ६७ वर्षांचे बाबा आणि त्यांची काळी चोवीस इंची

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलशेतला राहते. वाचनमात्र होते इतकी वर्षं, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. गेल्या उन्हाळ्यात तो पासाऊहून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने सायकलने गेला. रोज रात्री घरच्या ग्रुपवर फोटो. नदी, जर्दाळूच्या बागा, सायकलींसाठी वेगळा सपाट रस्ता. बाबांनी आठवडाभर ते फोटो मोठे करकरून पाहिले आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "आपली उल्हास काय वाईट आहे?"

बाबांनी कळव्याहून वागळे इस्टेटला ३१ वर्षं सायकलने नोकरी केली. ती सायकल अजून आहे. काळी, चोवीस इंची, सळ्यांचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर. त्यांचं आजोळ कर्जत तालुक्यात कशेळ्याजवळ. लहानपणी मे महिन्यात नेरळला उतरून बैलगाडीने जायचे. आता तिथे कोणी राहत नाही, पण त्यांना ते सायकलने जाऊन बघायचंय. तब्येत ठीक आहे, रोज येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, फक्त घाट नको म्हणालेत.

माझ्याकडे २१ गिअरची हायब्रिड आहे, ३५ मिमीचे टायर. एका दिवसात ६० किमीपर्यंत मी केलंय. बाबांचं म्हणाल तर ते ताशी १२ च्या वर जात नाहीत आणि जावं असं त्यांना वाटतही नाही.

आता अडचण. एका रविवारी चाचणी म्हणून आम्ही कळवा, मुंब्रा करत शिळफाट्याच्या दिशेने निघालो. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते. मुंब्रा बायपासच्या चढावर बाबा उतरून चालायला लागले आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. कल्याण फाट्यावरून परत फिरलो. घरी कोणी काही बोललं नाही, पण आईने दोन दिवस सायकलींकडे पाहिलं नाही. मग ठाण्यातून बाहेर पडायचं कसं? नदीच्या काठाने जाणारा, घाट नसलेला रस्ता आपल्याकडे आहे का? कोणत्या महिन्यात जावं? आणि बाबांची सायकल न्यावी, की त्यांना भाड्याने गिअरवाली घेऊन द्यावी? (हा शेवटचा प्रश्न बाबांना न विचारता टाकतेय.)

पामबीचवाला
ताई, शिळफाट्याचा नाद सोडा. मी नेरूळहून महापेमार्गे दोनदा तोच शहाणपणा केलाय. शहरातून सायकल चालवत बाहेर पडणं यात कसलाही पराक्रम नाही. पहाटेची कर्जत लोकल धरा, लगेज डब्यात सायकली टाका, सायकलींचं लगेज तिकीट काढा आणि वांगणी किंवा नेरळला उतरा. सकाळी गर्दी मुंबईकडे असते, तुम्ही उलट दिशेला जाणार. येताना कर्जतहून बसा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सायकल चढवायला वेळ मिळतो. मधल्या स्टेशनवर २० किलोची सायकल अर्ध्या मिनिटात चढवणं म्हणजे मारामारी.

सराव हवा असेल तर आमच्या बाजूला या. पनवेलहून नेरे, पुढे गाढी नदीच्या खोऱ्यातून धोदाणीपर्यंत. रस्ता माथेरानच्या पायथ्याशी संपतो, त्यामुळे पलीकडे जाणारी वाहतूकच नाही. देहरंगचं धरण वाटेत लागतं. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी.

दुचाकी५२
काकांची सायकल न्यावी. भाड्याच्या गिअरवाल्या सायकलवर या वयात तीन दिवस नवीन सीटवर बसवणार? ढुंगणाला तीस वर्षांची ओळख असलेली सीट सोडू नका, बाकी सगळं दुय्यम आहे.

थट्टा बाजूला. सपाटीवर एकच गिअर पुरतो. काकांच्या सायकलचा टायर आणि ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते. तुमच्या हायब्रिडच्या ट्यूबचं काय? व्हॉल्व्ह बघा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर गावातला पंक्चरवाला हवा भरून देईल. बारीक, डोक्याला स्क्रू असलेला असेल तर त्याच्या पंपाला तो बसणार नाही. बोटभर पितळी अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक हरवतोच.

काकांच्या सायकलचे चार उपचार करा. चाकांचा आऊट (फिरताना डुलणं) काढून घ्या. पुढच्या-मागच्या हबमधले छर्रे आणि ग्रीस बदला. ब्रेकचे रबर नवे टाका. पेडलची कॉटर पिन (पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खीळ) ढिली आहे का ते बघा, ती नेमकी दगा देते. सळ्यांचे ब्रेक रिमवर खालून लागतात, ओल्या रिमवर ते नावालाच असतात. म्हणून पावसात नाही, आणि उतारावर काका पुढे, तुम्ही मागे.

सामान सगळं काकांच्या कॅरिअरवर लादू नका. मागच्या चाकाचे आरे तिथेच तुटतात.

कशेळेकरीण
धागा बघून राहवलं नाही. माझं सासर कशेळ्याचं.

आधी एक गैरसमज. नदीच्या अगदी काठाने असा रस्ता आमच्याकडे नाही. पावसाळ्यात उल्हास पात्र सोडून वर येते, मग काठावर रस्ता कोण टिकवणार? रस्ते थोडे लांबून, गावं जोडत जातात. पण खोरं सपाट आहे, तुम्हाला तेच हवंय ना? बदलापूर ते कर्जत रेल्वेने ३२ किलोमीटर, आणि त्यात चढ म्हणावा असा नाही. एका हाताला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या हाताला लांब सह्याद्रीची भिंत.

नेरळला उतरलात तर माथेरानच्या बाजूला वळू नका (काका वळणार नाहीत, पण सांगून ठेवते). पूर्वेला कळंबचा रस्ता धरा. कळंबला तो कर्जत-मुरबाड रस्त्याला मिळतो, तिथून उजवीकडे कशेळे. पुढे कडाववरून कर्जत. हा तुमचा दोन दिवसांचा निवांत प्रवास. तिसऱ्या दिवशी कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत जाऊन या. राजमाचीच्या पायथ्याला उल्हास अगदी लहान पोर असते, दगडांवरून उड्या मारते. कोंडाण्याची लेणी तिथून चालत.

मुरबाडमार्गे कल्याणला परतायचा विचार असेल तर तो सोडा. तो माळशेजचा राष्ट्रीय महामार्ग आहे, घाटावरचा भाजीपाला त्यानेच उतरतो.

महिन्याचं सांगते. डिसेंबरात भात झोडून झालेलं असतं, खाचरं पिवळी, उडव्या रचलेल्या, बांधाआड वाल. छान थंडी असते, पण हिरवं कमी. जानेवारीच्या शेवटी आलात तर आमच्याकडे भाताची लावणी दिसेल. हो, उन्हाळी भात! टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून जे पाणी सुटतं ते राजनाला या कालव्याने शेतात येतं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. गंमत म्हणजे हे पाणी मूळचं आंध्रा नदीचं. तिला सोडली असती तर ती इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेली असती. बोगद्यातून खाली आणून वीज काढली आणि पाणी आमच्या आवणांना, म्हणजे भातखाचरांना मिळालं. काकांना त्यांच्या लहानपणीचा मे महिना आठवत असेल तर कापणी झालेली शेतं आठवतील, विचारून बघा.

भिवपुरी रोड स्टेशन आणि भिवपुरी कॅम्प या दोन वेगळ्या जागा आहेत, नकाशात घोटाळा करू नका.

आणि पौष पौर्णिमेला मुरबाडकडच्या म्हसा गावी म्हशाची जत्रा असते, बैलबाजार भरतो. त्या दिवसांत मुरबाड रस्त्यावर टेंपो आणि बैलच बैल. बघायला जायचं तर जरूर या, सायकल मात्र घरी ठेवून.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर उत्तर अपेक्षित नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. "बंगालच्या उपसागराला" या शब्दावर त्यांनी मला तीनदा थांबवलं. मे महिन्याचं विचारलं तर म्हणाले, पेंढ्यावर झोपायचो, अंगाला खाज सुटायची. म्हणजे कापणी झालेलीच असणार.

माझ्या कॅरिअरची वेगळीच कथा. ठाण्यातल्या एका दुकानाने हायब्रिडला बसेल म्हणून कॅरिअर दिलं, ते मागच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या चिमट्याला) आपटतं. दुकानदार म्हणतो थोडं वाकवून घ्या. उपाय?

दुचाकी५२
वाकवू नका, अॅल्युमिनियम असेल तर जोडावर तडकेल. डिस्कसाठी पाय बाहेर काढलेलं कॅरिअर वेगळं मिळतं. तोवर त्या बाजूच्या पायाला लांब बोल्ट आणि दोन-तीन जाड वॉशर घालून कॅलिपरपासून लांब सरकवा. सामान ८-१० किलोच्या आत असेल तर चालतं. माझं तसंच चाललंय, "तात्पुरतं" म्हणून, चार वर्षं.

धागाकर्ती
रविवारी नुसतं वांगणी ते नेरळ करून आलो. लगेज डब्यात आमच्याबरोबर भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी एक मावशी होती. तिने बाबांच्या सायकलची घंटी वाजवून बघितली आणि विचारलं, "एवढी धडधाकट सायकल, मग गाडीत कशाला घातली?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

रस्ता खरंच सपाट. शेलूजवळ एका पंक्चरवाल्याने माझ्या गिअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बाबांच्या सायकलभोवती मात्र दोन फेऱ्या मारल्या. नेरळला वडापाव खाल्ला. बाबांना कळंबच्या रस्त्याला लागायचंच होतं, कसंबसं स्टेशनकडे वळवलं.

म्हशाची जत्रा टाळून जानेवारीचा शेवटचा आठवडा धरतोय. कशेळेकरीण ताई, कशेळ्यात किंवा कडावला दोघांची साधी राहायची सोय कुठे होईल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आणि पोपटीचा (मडक्यात शेंगा भाजतात ती) वाल तोवर संपलेला असेल का, असं बाबा विचारतायत.

दुचाकी५२, तुम्ही म्हणालात तेच झालं. परतताना ठाणे स्टेशनबाहेर डावं पेडल डुलायला लागलं. कॉटर पिन ठाण्यात कुठे मिळेल? तीन दुकानांत विचारलं, तिसऱ्यातल्या मुलाने "ते काय असतं?" असं मलाच विचारलं.

पामबीचवाला
जुन्या पनवेलच्या बाजारात मला मिळाली होती. दोन आणून ठेवतो. धोदाणीच्या सरावाला आलात की देतो.