दोन भाषा बोलल्याने स्मृतिभ्रंश उशिरा येतो म्हणतात; पुण्यातल्या घरांनी हे मनावर घ्यावं का?

गुलटेकडीकर (धागा)
डॉ. सुवर्णा अल्लादी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. घ्यायला हवं. मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, सध्या बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असताना त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांचा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही हा फरक दिसला, म्हणजे सगळं श्रेय शिक्षणाला देऊन मोकळं होता येत नाही.

मार्केट यार्डात सकाळी उभे राहा. हमाल जोडीदाराशी कन्नडमध्ये बोलतो, अडत्याशी मराठीत, ट्रकवाल्याशी हिंदीत. पोतं खांद्यावर असतानाच भाषा बदलते. त्याचा मुलगा इंग्रजी माध्यमात गेला की शाळा सांगते, घरीही इंग्रजीच बोला. आधी कन्नड जाते, मागोमाग मराठी. आजी काहीतरी विचारते आणि पोरगं आईच्या तोंडाकडे बघतं. हे थांबवायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

कोथरूड_संख्याशास्त्र
असहमत. कळकळ पोचली, पण पुरावा एवढं ओझं पेलत नाही. हे सगळे दवाखान्यापर्यंत आलेले रुग्ण. कोण कधी दवाखान्यात येतो हे पैसा, अंतर, घरच्यांचं लक्ष यावर ठरतं. शिवाय आजार कधी सुरू झाला हे नातेवाइकांनी आठवून सांगितलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २०१४ च्या त्या अभ्यासात, इंग्रजीही येणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असल्याचं आढळलं नाही.

गुलटेकडीकर
दवाखान्याचा मुद्दा मान्य. पण शिक्षण, व्यवसाय, शहर की खेडं, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला होता. आणि याच प्रश्नावरच्या टोरांटोच्या २००७ च्या अभ्यासात दोन भाषा बोलणारे बरेचसे बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा हे कळत नव्हतं; तशी अडचण हैदराबादेत नव्हती. तिथे तेलुगू, उर्दू, हिंदी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत नांदतात.

अल्लादींच्याच गटाचा २०१६ चा अभ्यासही बघा. पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांपैकी बहुभाषकांत सुमारे ४० टक्क्यांची आकलनशक्ती शाबूत राहिली, एकभाषकांत सुमारे २० टक्क्यांची. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, आणि तेही त्यांनी स्वच्छ लिहिलंय. म्हणून या बाईंच्या कामावर माझा विश्वास आहे.

पर्वती_पायथा
मला वेगळीच भीती आहे. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला होता आणि २९ जून २०२५ ला मागे घ्यावा लागला, तेव्हा ‘जास्त भाषा म्हणजे तल्लख मेंदू’ हे किती जणांनी आपल्याला ऐकवलं! हैदराबादचे ते लोक तिसरी भाषा धड्यातून नाही शिकले, शेजारातून आणि बाजारातून शिकले. या संशोधनाच्या जोरावर सहा वर्षांच्या पोरावर आणखी एक पुस्तक लादणं हा अन्याय आहे.

हडपसरची_आई
माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि घरी आम्ही मुद्दाम इंग्रजी बोलतो. मी स्वतः मराठी माध्यमातली, पहिल्या मुलाखतीत तोंडातून शब्द फुटला नव्हता. मुलीच्या साठीनंतरच्या मेंदूची काळजी करू की तिच्या पोटापाण्याची? धागाकर्त्यांनी हेही बघावं.

गुलटेकडीकर
ताई, इंग्रजी सोडा असं मी म्हणतच नाही. शाळेत दिवसभर इंग्रजी आहेच, घरात मराठी राहू द्या. दोन्ही राहतील.

हडपसरची_आई
दिवसभर नसते हो. मधल्या सुट्टीत सगळी पोरं हिंदीच बोलतात. सरावाला घरच उरतं. मला नाही पटलं.

वाचा_उपचार_पुणे
मी या क्षेत्रात काम करते. साडेचार वर्षांवरून भांडण चालू आहे, पण मुळात मोजणार कशाने? आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या आजींना ‘घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा’ म्हटलं की त्या कागद परत देतात आणि आपण गुण कापतो. मेंदू ठीक असतो, चाचणी चुकीची असते. अल्लादींच्या कामाचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या लोकांसाठी चाचण्यांचा जो संच करवला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पहिला संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला. मराठी त्यात नव्हती. याचा राग कुणालाच कसा येत नाही?

कोथरूड_संख्याशास्त्र
चाचण्यांबद्दल शंभर टक्के सहमत. स्मृतिभ्रंशाबद्दल माझं मत तेच. यार्डातल्या हमालांची चाळिशीतच नोंद घ्या, मराठीतून, कन्नडमधून धड तपासा आणि वीस वर्षं त्यांच्या मागे राहा. तोपर्यंत साडेचार वर्षांचा आकडा कुणाच्या आईबापाला छातीठोकपणे सांगू नका.