टॉम अँड जेरीचे नेमके कोणते भाग दाखवू? (आणि पडद्यामागचे किस्से असतील तर तेही टाका)

कोकमसरबत:
लेक ८ वर्षांची, सुट्टी लागलीय, घरात दिवसभर टॉम अँड जेरी. मीही चहा घेऊन तिथेच टेकते, खोटं कशाला बोलू. पण मधूनच एखादा भाग असा लागतो की टॉम कसातरीच दिसतो, आवाज विहिरीतून आल्यासारखे, आणि लेक म्हणते "आई हा खोटा टॉम आहे, बदल". काय भानगड आहे ही?

पिंपळपार:
पोरीची नजर पक्की आहे! खोटा टॉम प्रागचा. हॅना आणि बार्बेरा ही जोडी १९४० पासून एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी हे करत होती, ७ ऑस्कर मिळाले (बाहुल्या घ्यायला स्टेजवर मात्र निर्माता फ्रेड क्विम्बी, हे दोघं कुठेच नाहीत) आणि १९५७ मध्ये वरून फोन, कार्टून विभाग बंद करा. का, तर जुनेच भाग थेटरात परत लावले तरी जवळजवळ तेवढाच गल्ला जमतो, मग नवे काढायचे कशाला. पुढे एमजीएमला परत हुक्की आली तेव्हा काम गेलं जीन डाइच या कार्टून-दिग्दर्शकाकडे, तो तेव्हा चेकोस्लोव्हाकियात, तिथल्या चित्रकारांनी मूळ भाग जेमतेम पाहिलेले, त्यामुळे हातपाय वाट्टेल तसे वळतात. १९६१-६२ चे असे १३ भाग आहेत. शीतयुद्धाचा काळ, म्हणून सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांवर चेक नावांचं पण इंग्रजी बारसं केलेलं, संगीतकार व्हाक्लाव्ह लिडलचा झाला व्हिक्टर लिटल! डाइचचं नाव दिसलं की पुढे ढकला. जाड भुवयांचा टॉम चक जोन्सचा, १९६३ नंतरचा, तो चालेल.

टवाळखोर:
ढकला काय, मला आवडतात ते! विहिरीतले आवाज टॉड डॉकस्टेडरचे, इलेक्ट्रॉनिक संगीतातला माणूस. हेडफोन लावून ऐका एकदा. ८ वर्षांच्या मुलीला नको, एवढं मान्य.

पेटीमास्तर:
पियानोवाला भाग चुकवू नका, 'द कॅट कॉन्चेर्टो'. टॉम कोटबिट घालून संगीतकार लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला. टॉमच्या बोटांकडे बघा, पट्ट्या बऱ्यापैकी बरोबर दाबतो तो. गंमत म्हणजे त्याच सुमारास वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी त्यांच्या सशाला, बग्ज बनीला तीच रचना वाजवायला बसवलं, त्यातही पियानोत उंदीर. मग काय, दोन्हीकडून चोर चोर. ऑस्कर टॉमला मिळालं. दोन्ही पाठोपाठ लावा आणि कोणी कोणाचं ढापलं ते लेकीलाच ठरवू दे.

पिंपळपार:
+१. फक्त जुन्या भागांत ती काळी मोलकरीण येते, चेहरा दिसत नाही, नुसते पाय. ते चित्रण आज खटकतंच, तेव्हा शेजारी बसून बघा.

टवाळखोर:
आणि टॉम शेपटी चेमटल्यावर जो बोंबलतो ना, तो आवाज खुद्द हॅनाचा. दिग्दर्शकच ओरडलाय.

कोकमसरबत:
सगळ्यांना धन्यवाद _/\_ काल पियानोवाले दोन्ही पाहिले. निकाल असा की ससा छान वाजवतो पण उंदीर टॉमकडचा बरा. आणि टवाळखोर, तुमच्यामुळे आता टॉमची शेपटी दारात अडकली की आतल्या खोलीतून ओरड येते, "आई, हॅनाकाकांना लागलं!"